सोयराचा संसार आणि आपली कादंबरी

मराठी ऐतिहासिक कादंबरीला प्रेमाचे वावडे नाही. रणजित देसाई यांची 'स्वामी' १९६२ साली आली आणि रमा-माधव घराघरांत पोचले. ना. सं. इनामदारांच्या 'राऊ'ने १९७२ साली बाजीराव-मस्तानीसाठी वाचकांना हळवे केले. पण ज्या जोडप्यातली दोन्ही माणसे कवी होती, ज्यांचे शब्द सहाशे वर्षांहून अधिक काळ लोकांच्या तोंडी राहिले, त्या चोखामेळा आणि सोयराबाई यांच्या प्रेमाशी आपले कथावाङ्मय कसे वागले, हा प्रश्न मला येथे विचारायचा आहे.

चोखोबा मंगळवेढ्याचे महार. त्यांचे साडेतीनशेच्या आसपास आणि सोयराचे साठेक अभंग आज उपलब्ध आहेत. बहीण निर्मळा, मेहुणा बंका, मुलगा कर्ममेळा हेही रचना करणारे. चौदाव्या शतकात गावकुसाबाहेरच्या एका कुटुंबात एवढी कविता होत होती. सोयरा स्वतःची नाममुद्रा 'चोख्याची महारी' अशी घालते. एका शब्दात नवरा आहे, दुसऱ्यात जात. दोन्हींपैकी काहीच ती लपवीत नाही. किशोरी आमोणकरांच्या कंठातून तिचा एक अभंग सवर्णांच्या दिवाणखान्यातही गेला. पण तो एका महार बाईचा आहे, हे ऐकणाऱ्यांपैकी कितीजणांना ठाऊक असते?

महिपतीने 'भक्तविजय' १७६२ साली पूर्ण केला. तेव्हापासून चोखोबांच्या कथेचा साचा ठरून गेला. विठ्ठल चोखोबांच्या पंगतीला येतो, वाढताना बायकोच्या हातून देवाच्या पीतांबरावर दही सांडते, चोखोबा तिला बोलतात, ते ऐकून एक ब्राह्मण चोखोबांच्या थोबाडीत मारतो आणि देवळात देवाचा गाल सुजतो. मार खाणारा दिसतो, सुजलेला गाल दिसतो. दही सांडणारी बाई पुढे काय म्हणाली, हे कथेला विचारावेसे वाटत नाही. दुसरी कथा बाळंतपणाची. सोयराचे दिवस भरलेले असताना चोखोबा बहिणीकडे जातात आणि विठ्ठल नणंदेचे रूप घेऊन तिचे बाळंतपण करतो. देवाची थोरवी सिद्ध झाली की कथा आटोपते. घरी परतलेल्या नवऱ्याशी ती काय बोलली? रागावली? की मूल त्याच्या हातात देऊन गप्प बसली? कादंबरी जिथे सुरू व्हायला हवी, तिथे आपल्या कथा संपतात. १९५० साली चोखोबांवर चित्रपट निघाला, त्याचे नावही 'जोहार मायबाप'. जोहार धन्याला घालायचा असतो. बायकोशी बोलण्याची भाषा वेगळी असते आणि ती कुणी ऐकलेली नाही.

ह्याचा दोष केवळ सवर्ण लेखकांवर ढकलून आपल्याला मोकळे होता येणार नाही. आपण चोखोबांची शरणागती नाकारली, ते योग्यच केले. पण त्या नकाराबरोबर सोयराही बाजूला पडली. देहाची उत्पत्तीच विटाळातून आहे, मग शुद्ध कोण, असे पंडितांना रोखठोक सुनावणारी ही बाई आपल्या चळवळीची पूर्वज नव्हे काय? खुद्द बाबासाहेबांनी १९४८ साली 'द अनटचेबल्स' हा ग्रंथ नंदनार, रविदास आणि चोखामेळा यांच्या स्मृतीला अर्पण केला होता. नाकारणे आणि विसरणे यांतला फरक त्यांना कळत होता.

मी मनोरीला राहतो. मार्वेची खाडी तरीने ओलांडून कॉलेजात मराठी शिकवायला जातो. वर्गात सोयराचे अभंग शिकवताना एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, ती चोखोबांना हाक कशी मारत असेल?" ह्या प्रश्नाला संतचरित्रात उत्तर नाही. मला माझे आईबाप आठवले. आमच्या घरात प्रेम हा शब्द कुणी उच्चारला नाही. पण खडी फोडायला बसले की बाप मोठे दगड आपल्याकडे ओढायचा आणि लहान आईकडे सारायचा. प्रेमाची ही रीत ज्याने पाहिली आहे, त्याला सोयराचा संसार लिहिता येईल.

मात्र सोयराला लुगडे नेसवलेली रमा करू नये. बेबी कांबळे यांच्या 'जिणं आमुचं'ने १९८६ साली महारवाड्यातल्या बाईची भूक आणि तिला घरात बसणारा मारही मांडला. तेवढे धैर्य ह्या कादंबरीला लागेल. मेलेली ढोरे ओढणे, वेठबिगार, शिळ्या तुकड्यांची वाटणी, आणि त्यातच एकाने अभंग म्हणावा, दुसऱ्याने त्यावर आपला म्हणावा. परंपरा सांगते की चोखोबांचे अभंग अनंतभट्टाने लिहून घेतले. त्या लेखणीपर्यंत न पोचलेले दोघांमधले बोलणे, हीच कादंबरीकाराची जागा आहे.

१३३८ साली मंगळवेढ्याच्या कुसाचे काम करताना भिंत कोसळून चोखोबा गेले. नामदेवांनी त्यांच्या अस्थी पंढरपूरला आणल्या; समाधी महाद्वारासमोर, देवळाबाहेर झाली. साने गुरुजींच्या उपोषणानंतर ते देऊळ अस्पृश्यांना उघडले, १९४७ साली. सहाशे नऊ वर्षांचा हा हिशेब आपण सभांतून सांगतो, आणि सांगितलाच पाहिजे. पण भिंत पडली त्या संध्याकाळी सोयरा कुणाशी बोलली असेल, हे लिहिण्याचे काम आपल्या तरुण लेखकांवर बाकी आहे. 'बलुतं' १९७८ साली आले, त्यानंतर आपण स्वतःचे आयुष्य लिहायला कचरलो नाही. आता आपल्या पूर्वजांचेही लिहू या.