हॉर्टेन २२९ : एका उत्तरकालीन साक्षीची परीक्षा

दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस जर्मनीत तयार झालेल्या हॉर्टेन बंधूंच्या शेपूटविरहित जेट विमानाविषयी गेल्या चार दशकांत विपुल लेखन झाले आहे. हे विमान रडारला चकविण्याच्या हेतूनेच योजिलेले होते, हे त्यातील बहुतेक लेखकांनी गृहीत धरले आहे. प्रस्तुत टिपणात या गृहीताचा विचार करावयाचा आहे.

निर्विवाद भाग थोडक्यात असा. १९४३ मध्ये गोरिंगने १००० किलो भार, १००० किलोमीटर मजल आणि ताशी १००० किलोमीटर वेग साधणाऱ्या विमानाची अपेक्षा व्यक्त केली. वाल्टर व रायमार हॉर्टेन यांनी तिला उत्तर म्हणून आपला आराखडा मांडला. त्याचा बिनइंजिनाचा पहिला नमुना १ मार्च १९४४ रोजी ग्यॉटिंगेन येथे उडाला. दोन युमो जेट इंजिने बसविलेला दुसरा नमुना २ फेब्रुवारी १९४५ रोजी ओरानियेनबुर्ग येथे. तिसरा अपुराच राहिला. तो अमेरिकी सैन्याच्या हाती लागला व आज स्मिथसोनियन संग्रहालयात आहे.

आता वादाचा भाग. लाकडी आवरणाच्या सरसात कोळशाची पूड मिसळून रडारलहरी शोषून घेण्याचा आपला बेत होता, असे रायमार हॉर्टेन यांनी १९८३ मध्ये प्रसिद्ध केले. घटना आणि साक्ष यांत अडतीस वर्षांचे अंतर आहे. शिवाय, रडारला हुलकावणी देणारी विमाने आपण विकसित करीत आहोत, हे अमेरिकेने ऑगस्ट १९८० मध्ये जाहीर केले होते. साक्षीदार खोटे बोलतो, असा याचा अर्थ नव्हे. परंतु त्याच्या स्मृतीस नवा शब्द व नवे महत्त्व कोठून लाभले असावे, हे विचारावयासच हवे. राजवाड्यांनी १८९८ मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड काढताना बखरींना जी कसोटी लावली, ती येथे लावण्यास प्रत्यवाय नाही.

पुढे २००८ मध्ये नॉर्थ्रॉप ग्रुमनने विमानाची पूर्णाकृती प्रतिकृती करून तपासली. ब्रिटिशांच्या तत्कालीन ‘चेन होम’ रडारपुढे शोधाचे अंतर सुमारे २० टक्क्यांनी घटेल, असा निष्कर्ष निघाला. हा निष्कर्ष आकृतीच्या परिणामाविषयी आहे. कर्त्याच्या हेतूविषयी तो मूक आहे. परिणामावरून हेतू काढणे हा जुना तर्कदोष, पण लोकप्रिय ग्रंथकार तो बिनदिक्कत करतात. उलट संग्रहालयाच्या अभ्यासकांनी मूळ विमानाचा सरस तपासला, तेव्हा कोळशाच्या पुडीचा पुरावा त्यांस आढळला नाही. येथेही सावध राहावयास हवे. हॉर्टेन यांचे विधान पुढे व्हावयाच्या उत्पादनाविषयी होते, असे म्हणून त्यांचा पक्ष राखता येतो. मात्र तसे म्हणताच ते विधान वस्तूच्या साक्षीने सिद्ध वा असिद्ध करण्याच्या पलीकडे जाते. लाकूड वापरण्यास युद्धकाळातील धातूटंचाई हे पुरेसे कारण होते, आणि हॉर्टेन बंधू तर १९३३ पासून लाकडी शेपूटविरहित ग्लायडर बांधीत होते.

अमेरिकेचे बी-२ हे या विमानाचे अपत्य होय, ही समजूतही अशीच. जॅक नॉर्थ्रॉप यांचे एन-१एम हे शेपूटविरहित विमान १९४० मध्येच उडाले होते. (युद्धानंतर रायमार हॉर्टेन आर्जेंटिनात गेले. तेथेच काम केलेले कुर्ट टँक १९५६ मध्ये बंगळूरास आले व त्यांचे ‘मरुत’ १७ जून १९६१ रोजी उडाले. त्या प्रकरणाचा परामर्श स्वतंत्रपणे घ्यावा लागेल.)

या गदारोळात खरा विचारणीय प्रश्न मागे पडला आहे, आणि तो रडारचा नव्हे, स्थैर्याचा आहे. उभे शेपूट नसलेल्या विमानाचे एक इंजिन बंद पडले असता ते सरळ कसे ठेवावयाचे? दुसऱ्या नमुन्याचे एक इंजिन १८ फेब्रुवारी १९४५ रोजी, पहिल्या उड्डाणानंतर अवघ्या सोळा दिवसांनी, बंद पडले. विमान कोसळले आणि वैमानिक एर्विन त्सिलर मृत्यू पावले.