'एकदिशा मार्ग' : एका संज्ञेचे अर्थविवेचन

समीक्षेचा विषय म्हणजे ग्रंथस्थ वाङ्मय, असा सर्वसाधारण समज आहे. तथापि रस्त्यावरील फलक हेही लेखनच होय. आणि त्याचा अर्थ लावण्यात चूक झाली तर वाचकास दंड होतो, ही गोष्ट कोणत्याही काव्याच्या वाट्यास आलेली नाही. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ११९ वे कलम अशा चिन्हांचे पालन बंधनकारक ठरवते. २०१९ च्या दुरुस्तीने वाहतुकीच्या विरुद्ध दिशेने वाहन हाकणे धोकादायक चालनात गणले आहे. तेव्हा या लेखनाची अर्थक्षमता तपासणे अप्रस्तुत नाही.

१९६८ च्या व्हिएन्ना करारातील संकेतानुसार अशा मार्गाच्या प्रवेशमुखाशी निळ्या पाटीवर पांढरा बाण असतो, तर दुसऱ्या टोकास तांबड्या वर्तुळात पांढरी आडवी पट्टी. मीमांसकांच्या परिभाषेत पहिला विधी, दुसरा निषेध. नियम एकच; पण त्याची दोन वाक्ये दोन टोकांस विभागलेली असून प्रत्येक वाचकाच्या दृष्टीस त्यांपैकी एकच पडते. चुकीच्या टोकाने येणाऱ्यास बाण दिसतच नाही. परिणामी अर्थाचा सारा भार निषेधावर पडतो. तो फलक झाडाआड गेला, की नियमच मूक होतो.

आता शब्दांकडे वळू. 'एकेरी' या प्रचलित विशेषणात संदिग्धता आहे : एकेरी रस्ता म्हणजे एका दिशेचा, की एकच वाहन मावेल असा अरुंद? 'एकेरीवर येणे' या प्रयोगात तर त्याचा दिशेशी संबंधच नाही. 'एकदिशा मार्ग' हा समास निःसंदिग्ध, परंतु ग्रांथिक. 'प्रवेश बंद' मात्र तत्काळ कळते. बीड जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता व राज्यकारभाराची भाषा उर्दू होती. फारसीतून आलेला 'बंद' मराठी व उर्दू या दोन्ही भाषकांच्या नित्य व्यवहारातील आहे. कायद्याचे ११६ वे कलम चिन्हांवरील शब्द राज्य शासनास योग्य वाटेल त्या लिपीत जोडण्याची मुभा देते. येथे उल्लेख लिपीचा आहे, भाषेचा नाही. 'वन वे' ही अक्षरे देवनागरीत रंगविल्याने लिपी पालटते. अर्थ जवळ येतोच असे नाही.

याच जिल्ह्यातील अंबाजोगाईस दासोपंतांची (१५५१–१६१५) पासोडी आहे. पंचीकरणाचा दुर्गम विषय त्यांनी वस्त्रावर शब्द व आकृती यांच्या मेळातून मांडला. त्या पासोडीचा वाचक तिच्यापुढे निवांत बसू शकतो. बिंदुसरेकाठच्या जुन्या गल्लीत बाजारासाठी प्रथमच शिरणाऱ्या दुचाकीस्वारास क्षणभराचाच अवकाश असतो. म्हणून फलकलेखकाची जबाबदारी भाष्यकाराहून कमी नव्हे, अधिक आहे.

दुर्बोध काव्याचा वाचक पुस्तक मिटून मोकळा होतो. फलकाच्या वाचकास ती मोकळीक नाही. जेथे न समजण्यास शिक्षा आहे, तेथे सुबोधता हा शैलीचा गुण राहत नाही. ती न्यायाची अट ठरते.