पाहुणे सूर, घरचा ठेका

झाडीपट्टीतील नाटकांचा हंगाम दिवाळीनंतर सुरू होतो आणि होळीच्या सुमारास आटोपतो. वडशाच्या नाटक मंडळ्या गावोगाव हिंडतात. कुरखेड्याच्या आसपास कुठे शंकरपट भरला की रात्रीचे नाटक ठरलेलेच. रंगमंचाच्या पुढ्यात वादक बसतात आणि रात्रभर वाजवितात. गेल्या हिवाळ्यात असाच एक प्रयोग पाहून आम्ही पहाटे घरी आलो. त्याच दिवशी एका आप्ताने मोबाईलवर पाठविलेले ब्राझीलच्या 'अझीमुथ' या त्रयीचे वादन ऐकण्यात आले. कानात नाटकाचा ठेका होताच. त्यामुळे हे जॅझ आम्ही थोड्या वेगळ्या कानाने ऐकले, हे आधीच सांगून टाकतो.

रिओ द जानेरोतील हे तीन वादक. जोझे रोबेर्तो बेर्त्रामी कीबोर्डवर, आलेक्स माल्येरोस बास गिटारवर आणि इव्हान कोंती ड्रमवर. १९७७ साली स्वित्झर्लंडमधील माँत्रो महोत्सवात त्यांनी वादन केले आणि पुढे परदेशी रसिकांनीच त्यांना अधिक उचलून धरले. आपल्या शैलीला ते 'वेडा सांबा' म्हणत. १९७९ च्या त्यांच्या 'लाइट ॲज अ फेदर' या तबकडीतील 'जॅझ कार्निव्हल' ही रचना इंग्लंडात नाचघरांतून गाजली. आमच्या मते ती त्यांची सर्वोत्तम रचना नव्हे. नाचणाऱ्या पायांना एकच ठेका हवा असतो आणि तो येथे शेवटपर्यंत पुरविला आहे. मात्र त्या ठेक्याच्या आत कोंतींचा हात काय करतो ते ऐकावे. यजमानाने मागितलेले तर तो देतोच, शिवाय स्वतःच्या गल्लीतील सांबाही हळूच पदरात टाकतो. तिघांच्या वादनात लपायला जागा नसते. एकाने क्षणभर हात आखडला तर ती पोकळी लगेच कानाला जाणवते, म्हणून ही लबाडी फार कौशल्याची आहे.

दौऱ्यावरच्या कलावंताकडून यजमान काय मागतात आणि तो गेल्यावर मागे काय उरते, हा प्रश्न आपल्या समाजाला परका नाही. १९३५ साली लिऑन ॲबी यांचा कृष्णवर्णीय अमेरिकन वाद्यवृंद मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात वाजवायला आला. त्यांच्यामागून क्रिकेट स्मिथ आणि पियानोवादक टेडी वेदरफोर्ड यांनी तेथे जॅझचा जम बसविला. वेदरफोर्ड तर परत गेलेच नाहीत. १९४५ मध्ये कलकत्त्यात त्यांचा अंत झाला. नरेश फर्नांडिस यांच्या 'ताजमहाल फॉक्सट्रॉट' (२०१२) या पुस्तकात हा काळ जिज्ञासूंना सविस्तर वाचावयास मिळेल.

हे सूर झेलणारे हात प्रामुख्याने गोव्याच्या कॅथोलिक वादकांचे होते. पोर्तुगीज अंमलात गोव्यातील चर्चच्या शाळांतून मुलांना स्वरलेखन आणि व्हायोलिन शिकविले जाई. शिकविणाऱ्यास मेस्त म्हणत. मिस्सेच्या गायनासाठी तयार झालेली ही बोटे पोटासाठी मुंबईत आली आणि हॉटेलांतून, पुढे चित्रपटांच्या स्टुडिओतून वाजू लागली. हल्दोण्याचे आंतोनियो झेवियर वाझ त्यांपैकीच एक. 'चिक चॉकलेट' या नावाने ते गाजले आणि लोक त्यांना भारताचे लुई आर्मस्ट्राँग म्हणू लागले. हा गौरव आम्हांला नेहमीच खटकतो. त्यात कौतुक आहे, पण 'तुमचे स्वतःचे काय?' असा अनुच्चारित टोमणाही आहे. वाद्य साहेबाचे, धर्म साहेबाचा, मग सूर तरी तुमचा कसा असेल, हा टोमणा आपल्या घराघरांतून कधी ना कधी ऐकला गेला आहे.

त्यास उत्तर १९५१ च्या 'अलबेला' चित्रपटात मिळते. संगीत पुणतांब्याचे सी. रामचंद्र यांचे, नायक भगवानदादा, नायिका गीता बाली. त्यातील एका नृत्यगीतात चिक आणि त्यांचे वादक प्रत्यक्ष पडद्यावर दिसतात. बाँगोचा ठेका लॅटिन अमेरिकेचा, ट्रम्पेट आणि क्लॅरिनेट जॅझचे, आणि चाल मात्र कोणत्याही मराठी आळीत गुणगुणावी अशी. याला नक्कल म्हणणाऱ्याने ते गीत कानाने नव्हे, पूर्वग्रहाने ऐकले आहे.

आणखी एक उदाहरण आम्हांला अधिक जिव्हारी लागते. १९५८ साली अमेरिकन पियानोवादक डेव्ह ब्रुबेक आपल्या चौकडीसह सरकारी दौऱ्यावर भारतात आले. मुंबईत सतारवादक अब्दुल हलीम जाफर खाँ यांची त्यांनी भेट घेतली आणि त्या प्रवासातील संस्कारांवर तबकडी काढली. तिचे कौतुक जगभर झाले व ते योग्यच होते. त्याच वर्षी मुंबईत माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस यांनी सेंट झेवियर महाविद्यालयाच्या आवारात भारतीय रागांवर आधारलेल्या आपल्या रचना मोठ्या वाद्यवृंदाकडून सादर करविल्या. लता मंगेशकर आणि मन्ना डे गायला होते. सारंग रागातला कॉन्चेर्टो लिहिणारा हा माणूस. पाहुण्याने आपल्या अंगणातून चार सूर नेले तर तो प्रयोग ठरतो. घरच्या माणसाने दोन्ही अंगणे एक केली तर ती हौस ठरते! १९६५ मध्ये गोन्साल्विस अमेरिकेला गेले, पुढे गोव्यात परतून शांतपणे राहिले आणि २०१२ मध्ये वारले. सामान्य रसिकांस त्यांचे नाव ठाऊक आहे ते १९७७ च्या 'अमर अकबर अँथनी'तील एका विनोदी गीतामुळे. त्यांच्याकडे व्हायोलिन शिकलेल्या प्यारेलाल यांनी आपल्या गुरूला त्या नावातून वंदन केले होते, हे फार थोड्यांना माहीत असते.

अझीमुथचेही दोघे आता नाहीत. बेर्त्रामी २०१२ मध्ये गेले, कोंती २०२३ मध्ये. माल्येरोस यांनी नवे साथीदार घेऊन त्रयी चालू ठेवली. त्यांचे वादन आम्ही पुढे एका संध्याकाळी झाडीपट्टीतील एका ऑर्गनवादकास ऐकविले. हे गृहस्थ हंगामभर रात्र रात्र वाजवितात आणि जॅझ हा शब्द त्यांनी पूर्वी ऐकलेला नव्हता. गुडघ्यावर बोटे ठेवून ते ऐकत राहिले. कीबोर्डची चमक त्यांना फारशी भावली नाही. बासचा एक तुकडा आला तसे ते थांबले, मान वळवून आमच्याकडे पाहिले आणि म्हणाले, "तेवढाच भाग आणखी एकदा लावा जी."