एका गाड्याचे परीक्षण

नाटकाला समीक्षक असतो, गाण्याला असतो, पुस्तकाला तर वाचकांपेक्षा समीक्षकच जास्त. हातगाड्यावरच्या खाण्याला मात्र कोणी वाली नाही. ताटाला नावे ठेवणारी माणसे घरोघरी आहेत, पण तो सगळा तोंडी कारभार. ज्या सांगलीत १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' रंगभूमीवर आणले, तिच्या शेजारच्या कुपवाडात एखाद्या गाड्याचे रीतसर परीक्षण व्हायला काय हरकत आहे?

कुपवाडची गंमत अशी, की वाटणीत सांगलीला नाटक आणि हळद मिळाली, मिरजेला तंबोरे, दवाखाने आणि रेल्वेचे जंक्शन मिळाले, कुपवाडला एम.आय.डी.सी. मिळाली. १९९८ साली तिघांची मिळून महानगरपालिका झाली, तेव्हा नावात कुपवाड आपले शेवटी, पंगतीला उशिरा आलेल्या पाहुण्यासारखे. तर तिथल्या कारखान्यांच्या रस्त्यावर हा गाडा उभा असतो आणि त्यावर 'जुन्या काळची चव' अशी नवीकोरी पाटी आहे. जुना काळ म्हणजे नक्की कुठला, हे विचारायचे नसते. गिऱ्हाईक जेव्हा दहा वर्षांचे होते, तो काळ.

सुरुवात गोटी सोड्याने केली. ही आपली परंपरा मूळची हायरम कॉड नावाच्या इंग्रजाची. या बाटलीचे पेटंट १८७२ सालचे. आतला वायूच गोटीला गळ्यातल्या रबरी कड्यावर दाबून धरतो. म्हणजे ज्याला कोंडायचे, त्यालाच दाराशी पहाऱ्यावर बसवायचे! गोटी आत ढकलताना जो आवाज होतो त्याला दहापैकी दहा गुण. चवीला सहा. पण माझ्या शेजारी उभे असलेले एक पेन्शनर गृहस्थ आवाज झाल्याबरोबर असे हसले, की ते चार गुण मी मागितले असते तर त्यांनी स्वतःच्या खिशातून भरले असते.

खरवसाबद्दल मात्र स्पष्ट लिहायला हवे. गाय किंवा म्हैस व्याली की पहिल्या दोन-चार दिवसांच्या चिकाचा खरवस होतो. चिकातली प्रथिने उष्णतेने आपोआप घट्ट होतात; विरजण लागत नाही, काही लागत नाही. खऱ्या खरवसाला बारीक जाळी पडते आणि दाताखाली तो किंचित चिवट लागतो. गाड्यावरच्या वडीला जाळी नव्हती. ती नुसती थरथरत होती, तोंडी परीक्षेला उभ्या केलेल्या मुलासारखी. चायना ग्रासचा हात लागला असावा. आणि रोज संध्याकाळी ताटभर खरवस हवा, तर रोज कुठली म्हैस व्यायला बसली आहे? मुळात खरवस ही विकायची वस्तूच नव्हती. शेजारच्या गोठ्यातून तांब्याभर चीक यायचा आणि भांडे रिकामे परत पाठवायचे नाही म्हणून त्यात साखर किंवा मूठभर तांदूळ जायचे. त्या येण्याजाण्याला वेलदोड्याहून जास्त वास होता. तो वास गाडेवाल्याने कुठून आणावा?

हुग्गी मात्र अस्सल. हा खपली गव्हाचा पदार्थ सांगली-कोल्हापूरकडचा आणि पलीकडे बेळगावकडचा. या गव्हाचे टरफल दाण्याला सख्ख्या भावासारखे चिकटलेले. ते कांडून काढायचे, दाणे भिजवायचे, बोटाने चिरडेपर्यंत शिजवायचे, मग गूळ, सुंठ, जायफळ, खोबरे आणि वरून दूध-तूप. गाडेवाल्याला विचारले तर म्हणाला, "मंडळी पहाटं चारला चूल पेटवतीया." ते वाटीत कळत होते. आजोळ आठवले नाही तरी चालेल अशी ही वाटी आहे. माझ्या मते जुन्या चवीची हीच परीक्षा: ज्याला आठवण नाही, त्यानेही दुसरी वाटी मागितली पाहिजे. पेन्शनर गृहस्थांच्या नातवाने मागितली. खरवसाची वडी त्याने आजोबांच्या हातावर परत ठेवली होती.

शेवटी आंबील. ताक आणि ज्वारीचे पीठ आंबवून केलेली, लसूण-जिऱ्याची. रेणुकेच्या यात्रेत घुगऱ्यांबरोबर हिचा नैवेद्य असतो. इथे ती कोथिंबीर लेवून, वीस रुपयांची चिठ्ठी लावून उभी होती. तेवढ्यात पाळी सुटली आणि कामगारांचा घोळका आला. त्यातला एक पोरगा ग्लासात डोकावून म्हणाला, "मामा, ही तर आमच्या घरात रोज सकाळी असती की! हिचं वीस रुपय?"

"गिलासाचं हायत. पी आता," मामा म्हणाले.

तो एका दमात प्याला, "आईगत न्हाई झाली," असा अभिप्राय दिला आणि सायकल काढून गेला. एवढे नेमके परीक्षण मला साऱ्या लेखात जमलेले नाही. त्याच्या घरी चूल अजून पेटते, म्हणून त्याला तुलना करता येते. आम्ही पाटी वाचून गहिवरणारी मंडळी. आमच्या घरी हुग्गी कधी बंद झाली, त्या दिवसाची कोणी नोंदसुद्धा ठेवली नाही. कांडण आणि पहाटेची चूल यांतून घरातल्या बायका सुटल्या, हे उत्तमच झाले. फक्त ते काम आता दुसऱ्या कोणाच्या तरी घरची बाई करते आहे, एवढे वाटी चाटून पुसताना ध्यानात असावे.

तेव्हा शिफारस अशी: सोडा कानासाठी घ्यावा, खरवस टाळावा, आंबील प्यावी पण कोणाच्या आईशी तुलना करू नये. हुग्गी अवश्य खावी आणि पैशांची घासाघीस करू नये. लवकर जावे. सहानंतर पातेले खरवडल्याचा आवाज येतो आणि मग पाटी तेवढी शिल्लक असते.