त्या मराठी माणसात आपण होतो काय?

दोस्तांनो, पाळी संपल्यावर डाळमिलच्या फाटकावर चहा पीत होतो. आपल्याच वस्तीतला पोट्टा म्हणाला, "काही म्हण, बाळासाहेबांनी मराठी माणसाला ताठ मानेनं जगायला शिकवलं."

म्या विचारलं, "त्या मराठी माणसात तू होता काय रे?"

तो गप. म्हणून हे लिहितो.

बाप प्रबोधनकार. बापानं भिक्षुकशाहीवर आसूड ओढले. मुलानं १९६० साली 'मार्मिक' काढलं, १९६६ साली शिवसेना. बेकारी खरीच होती. पण बोट कोणाकडं दाखवलं? गिरणीमालकाकडं नाही, दाक्षिणात्य कारकुनाकडं. मग कम्युनिस्टाकडं, मग मुसलमानाकडं. १९७० साली कॉम्रेड कृष्णा देसाईंचा खून झाला अन् परळच्या त्याच जागेवर सेनेचा पहिला आमदार निवडून आला.

१९७४ च्या जानेवारीत पोटनिवडणूक. सेना काँग्रेसच्या रामराव आदिकांमागं, पँथरचा बहिष्कार. वरळीत पँथरच्या सभेनंतर दंगल पेटली. १० तारखेला परळच्या मोर्चात वरून दगड पडला अन् भागवत जाधव गेला. भागवत मराठीच होता ना?

नामांतराचा ठराव १९७८ चा. ठाकऱ्यांनी उघड विरोध केला. बाबासाहेबांचं नाव लागायला १९९४ उजाडलं. १९९७ साली रमाबाई नगरात पोलिसांच्या गोळीनं दहा माणसं मेली, तेव्हा राज्य सेना-भाजपचंच.

आता आपला जिल्हा घ्या. बुलडाण्याची लोकसभेची जागा तेव्हा राखीव. १९९६, १९९९, २००४, तीनदा धनुष्यबाण आला. जागा आपल्या नावाची, तिकीट मातोश्रीचं. १९३२ चा पुणे करार पोथीत कशाला शोधता? इथंच पाहा. २००९ पासून तर जागाच खुली झाली.

पण नुसत्या शिव्या घालून भागत नाही. आपले पोट्टे शाखेत काहून गेले? रात्री-बेरात्री दवाखान्यात न्यायला, ठाण्यावर उभं राहायला शाखेतलं कोणीतरी येत होतं. आपले पुढारी गटागटांत, अन् १४ एप्रिलच्या स्टेजवर. ती मोकळी जागा आपणच सोडली.

ठाकरे २०१२ साली गेले. २०२२ साली सेना फुटली. ती भाषा मात्र आता साऱ्याच पक्षांच्या तोंडी आहे. उद्या वस्तीत कोणी 'मी तुमचा माणूस' म्हणत आला, तर टाळी वाजवायच्या आधी एवढंच विचारा : आमच्या रोजीसाठी मालकाशी कधी भांडलास?