पर्व आणि हंगाम : रुग्णालयीन मालिकेचा कालावकाश

रुग्णालय हे दूरचित्रवाणी-मालिकेचे आवडते स्थळ का ठरले, याचे उत्तर वैद्यकात नव्हे, नाट्यरचनेत शोधावे लागते. एक वास्तू, तिच्यात ठरावीक माणसांचा नित्य वावर आणि दारातून अखंड येत राहणारी अनोळखी माणसे : दीर्घ कथनाला याहून सोयीची मांडणी क्वचितच सापडेल. स्थलैक्याचा जो दंडक ॲरिस्टॉटलच्या नावावर खपवला जातो (वस्तुतः तो सोळाव्या शतकातील इटालियन भाष्यकारांचा आहे), तो येथे मुद्दाम पाळावा लागत नाही. विषयच तो पाळून घेतो. मायकेल क्रायटनने १९७४ मध्ये चित्रपटासाठी लिहिलेल्या संहितेतून उभी राहिलेली ‘ई. आर.’ ही अमेरिकन मालिका १९९४ ते २००९ अशी पंधरा पर्वे आणि ३३१ भाग चालली, ती या सोयीच्या बळावर. भारतात विजया मेहता यांच्या ‘लाइफलाइन’पासून ‘संजीवनी’पर्यंत या प्रकाराने निरनिराळी वळणे घेतली. त्यांपैकी मुंबईच्या सार्वजनिक रुग्णालयाला थेट केंद्रस्थानी आणणारी अलीकडची संहिता म्हणजे निखिल अडवाणी यांची ‘मुंबई डायरीज’. तिचे पहिले पर्व २०२१ मध्ये आणि दुसरे २०२३ मध्ये आले. येथे विचार करावयाचा आहे तो प्रामुख्याने दुसऱ्या पर्वाचा. मात्र पहिल्याशिवाय तो होऊ शकत नाही.

रुग्णालयीन मालिकेच्या रूपबंधात एक श्रमविभागणी गृहीत असते. डॉक्टर ही ‘मालिका’ असते, रुग्ण हा ‘भाग’ असतो. डॉक्टरला भूतकाळ असतो, विवाह असतो, अपराधभाव असतो, पुढच्या आठवड्यात उलगडावयाचे रहस्य असते. रुग्णाला लक्षण असते. फूकोने १९६३ च्या ‘द बर्थ ऑफ द क्लिनिक’मध्ये वैद्यकीय दृष्टीचा जो इतिहास मांडला, त्यात रोग वाचता यावा म्हणून रुग्णाला जणू कंसात टाकले जाते. मालिका हीच क्रिया कथनाच्या पातळीवर पुन्हा करते. रुग्ण बरा होतो किंवा मरतो. दोन्ही प्रकारे तो कथेतून निघून जातो आणि खाट रिकामी होते. मृत्यू भागाच्या मापाचा होतो.

‘मुंबई डायरीज’च्या दुसऱ्या पर्वाचे वैशिष्ट्य असे की, ते या नियमाला एका ठिकाणी तडा देते. पहिल्या पर्वात, २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्याच्या रात्री, बॉम्बे जनरल या कल्पित रुग्णालयात दहशतवादविरोधी पथकाचे प्रमुख केळकर यांचा मृत्यू होतो. दुसऱ्या पर्वात या मृत्यूचा जाब डॉ. कौशिक ओबेरॉय यांना न्यायालयात द्यावा लागतो आणि त्याच वेळी शहरावर पावसाचे संकट कोसळते. २००५ च्या २६ जुलैची, सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला त्या दिवसाची, आठवण या प्रलयामागे उघडच आहे. एका भागात घडलेला मृत्यू तेथेच मिटत नाही, त्याचे ओझे पुढील पर्वात वाहिले जाते, ही रचनेतील खरोखर महत्त्वाची गोष्ट आहे. मोहित रैना यांनी कौशिकच्या देहबोलीत आणलेला थकवाही या ओझ्याशी सुसंगत आहे. पण प्रश्न उरतो तो असा : स्मृतीचा हा मान कोणाला मिळाला? त्या रात्री याच रुग्णालयात अनेक जण मेले. पुढच्या पर्वापर्यंत पोचला तो उच्चपदस्थ अधिकाऱ्याचा मृत्यू. इतरांचे मृत्यू संख्येत जमा झाले. म्हणजे तडा गेला तोही पदाच्या उतरंडीप्रमाणेच.

पहिल्या पर्वाच्या मुळाशी असलेली वस्तुस्थिती आठवली की हे अधिक स्पष्ट होते. त्या रात्री प्रत्यक्षात हल्ला झाला तो कामा रुग्णालयावर. हे स्त्रिया आणि बालकांचे रुग्णालय. तेथील परिचारिका अंजली कुलथे यांनी वीस गर्भवतींना वॉर्डातून हलवून एका लहानशा खोलीत दडवले, अंधार करून त्यांना शांत ठेवले आणि कळा सुरू झालेल्या एका स्त्रीला त्या गोळीबारातच प्रसूतिगृहात पोचवले. या घटनेचे मर्म वाट पाहण्यात, श्वास रोखून धरण्यात आहे. मालिकेने तिचे रूपांतर अपघात विभागात केले. परिचारिकेच्या जागी शल्यविशारद आला, दडवण्याच्या जागी शस्त्रक्रिया आली. मालिकेत परिचारिका आहेत, त्यांना धैर्यही दिलेले आहे. पण कथनाचा दृष्टिबिंदू त्यांच्याकडे जात नाही. हा केवळ लेखकांच्या वृत्तीचा दोष मानणे योग्य होणार नाही. बंद खोलीत गप्प बसलेल्या वीस बायकांचे दृश्य मालिकेच्या गतीला परवडणारे नाही, हे त्यामागचे रूपात्मक कारण आहे.

ही गती बाख्तीनच्या परिभाषेत नेमकी ओळखता येते. कादंबरीतील कालावकाशांची चर्चा करताना त्याने उंबरठ्याचा कालावकाश वेगळा काढला : तेथे काळाला लांबी नसते, असतो तो पेचाचा क्षण. दोस्तोयेव्हस्कीची पात्रे जिन्यात, दारात, बोळात निर्णय घेतात ती याच अवकाशात. अपघात विभागाचे झुलते दार हा आधुनिक काळातील असाच उंबरठा आहे. स्ट्रेचर आत येते आणि कथा सुरू होते. त्याआधी काय झाले, हे धावता धावता उच्चारलेल्या एका वाक्यात सांगितले जाते : वय, अपघाताचे स्वरूप, रक्तदाब.

या रूपबंधाची मर्यादा महानगरात बसून जाणवत नाही, कारण तेथे दार जवळ असते. यवतमाळ जिल्ह्यातील केळापूर तालुक्यातून पाहिले की चित्र उलटते. तालुक्याचे नाव केळापूरचे, कचेरी आणि उपजिल्हा रुग्णालय पांढरकवड्याला. तेथून यवतमाळचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुमारे सत्तर किलोमीटर, राष्ट्रीय महामार्गाने नागपूर सुमारे दीडशे. कोलाम पोडावरून निघालेल्या आजाऱ्याची कथा उपकेंद्र, प्राथमिक आरोग्य केंद्र, पांढरकवडा, यवतमाळ आणि शेवटी नागपूर अशा टप्प्यांनी पुढे सरकते आणि प्रत्येक टप्प्यावर तिला एकच क्रियापद भेटते : ‘रेफर केलं’. हा इंग्रजी शब्द या मुलखात असा मुरला आहे की, त्याला प्रतिशब्द शोधण्याची गरज कोणाला वाटत नाही. बाख्तीनच्याच भाषेत बोलायचे तर हा रस्त्याचा कालावकाश आहे. गाडीचे भाडे, सोबतीला कोण जाणार, घरच्या बैलांना चारा कोण घालणार, हे सर्व या कथेचे घटक आहेत. मालिका जेथे सुरू होते, तेथे ही कथा बहुतांशी घडून गेलेली असते.

२०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करणारे वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर विषबाधेने मृत्यू पावले. शेकडो रुग्णालयात दाखल झाले. रुग्णालयीन मालिकेच्या हाती ही घटना आली असती तर तिने काय केले असते, हे सांगणे कठीण नाही : एका रात्री ओळीने स्ट्रेचर, अपुऱ्या खाटा, एखादा हट्टी निदानकर्ता, पहाटे उलगडलेले कोडे. वस्तुतः तसे काही घडले नाही. उलट्या, चक्कर, अंधुक झालेली दृष्टी घेऊन एकेक माणूस येत गेला आणि कित्येक आठवड्यांनंतर त्या माणसांची मिळून एक बातमी झाली. मराठीत मालिकेच्या ‘सीझन’ला ‘पर्व’ म्हणण्याचा प्रघात पडला आहे. महाभारताची छाया असलेला हा शब्द घटनेला भव्यता देतो. त्याच इंग्रजी शब्दाचा दुसरा मराठी अर्थ ‘हंगाम’. विषबाधा ही पर्वाची नव्हे, हंगामाची घटना होती. पिकाबरोबर ती वाढली आणि फवारणीबरोबर ओसरली. या भागातील आदिवासींमध्ये आढळणाऱ्या सिकलसेलचेही तसेच : वेदना येते, ओसरते, पुन्हा येते. तिला निर्णायक क्षण नाही, म्हणून तिला भागही नाही.

असा आक्षेप घेतला जाईल की, रूपबंधाकडून जे त्याला शक्यच नाही, ते मागणे अन्यायाचे आहे. आक्षेप वजनदार आहे, पण त्याचे उत्तर या प्रकारातच काही अंशी सापडते. ‘ई. आर.’च्या पहिल्या पर्वातील ‘लव्ह्ज लेबर लॉस्ट’ हा १९९५ चा भाग जवळजवळ पूर्णपणे एका गर्भवतीला दिलेला आहे. डॉ. ग्रीन यांच्या हातून निदान चुकते, मूल वाचते, आई दगावते. हे संपूर्ण पर्वातील सर्वोच्च लेखन आहे, कारण येथे काळाला लांबी मिळते. प्रसूतीचे तास तासांसारखे जाणवतात. तरीही शेवटी कॅमेरा आगगाडीत एकट्याने रडणाऱ्या डॉक्टरबरोबर जातो. बाळ घेऊन मागे राहिलेला पती दारापलीकडे उरतो.

मराठीत याच्या उलट दिशेने जाणारी संहिता आहे ती संदीप सावंत यांच्या ‘श्वास’ची (२००४). माधवी घारपुरे यांच्या कथेवरील या चित्रपटात परशाच्या डोळ्यांचा कर्करोग, डॉक्टर, शस्त्रक्रिया, संमती हे सारे रुग्णालयीन साहित्य हजर आहे. पण शस्त्रक्रियेपूर्वी आजोबा नातवाला घेऊन रुग्णालयाबाहेर पडतात, त्याने अजून जे पाहून घ्यायचे ते दाखवण्यासाठी. कथेचा कळस उंबरठ्याच्या बाहेर, रस्त्यावर आहे. आत उरलेल्या डॉक्टरला वाट पाहावी लागते; नेहमी रुग्णाच्या वाट्याला येणारी ही क्रिया येथे डॉक्टरच्या वाट्याला येते. शोकात्म आशयाचे इतके साधे आणि इतके मूलगामी स्थलांतर ‘मुंबई डायरीज’च्या दोन्ही पर्वांत कोठेही आढळत नाही.

अर्थात ‘श्वास’ चित्रपट आहे. त्याला एक रुग्ण आणि एक प्रवास पुरतो. मालिकेला टिकून राहणारे पात्र लागते आणि केळापूरच्या रस्त्यावर टिकून राहणारे पात्र डॉक्टर असू शकत नाही. तो पुढच्या टप्प्यावर बदलतो. २००५ नंतर ग्रामीण आरोग्यव्यवस्थेत आलेली ‘आशा’ ही अशी एक शक्यता आहे. ती गावची असते, गर्भवतीबरोबर गाडीत बसते, एका कागदावरून दुसऱ्या कागदावर नाव चढताना शेजारी उभी असते आणि परत त्याच गावात येते. तिच्याकडे निदानाची सत्ता नाही, शस्त्राचा क्षण नाही. तिला मध्यवर्ती ठेवून आठ भाग रचायचे, तर प्रत्येक भाग कोणत्या प्रसंगावर थांबवायचा, हा प्रश्न पटकथाकाराला पहिल्याच बैठकीत सोडवावा लागेल.