पापुन्याची ठिपकेचित्रे : आविष्कार आणि आच्छादन

ऑस्ट्रेलियाच्या मध्यवर्ती वाळवंटातील आदिवासींची ठिपकेचित्रे आज जगभरातील कलादालनांत मानाने मांडली जातात. त्यांची समीक्षा मात्र बहुधा दोनच वाटांनी जाते. एक वाट त्यांना पाश्चात्त्य अमूर्त चित्रकलेच्या पंक्तीत बसवते. दुसरी प्रत्येक खुणेचा अर्थ शब्दकोशाप्रमाणे लावून मोकळी होते. एकात एक काढलेली वर्तुळे म्हणजे पाणवठा किंवा मुक्काम, अर्धवर्तुळ म्हणजे बसलेला माणूस, असे हे अर्थनिर्णयन असते. ही चित्रे जितके दाखवतात तितकेच जाणीवपूर्वक झाकतात, हे दोन्ही वाटांनी जाणाऱ्यांच्या लक्षात येत नाही.

या चित्रकलेचा उगम पापुन्या येथील आहे. ॲलिस स्प्रिंग्जच्या वायव्येस सुमारे २४० किलोमीटरवरील या सरकारी वसाहतीत पिंटुपी, वार्लपिरी, लुरिचा आदी समाजांना त्यांच्या मूळ प्रदेशांपासून दूर आणून वसविण्यात आले होते. १९७१ साली जेफ्री बार्डन या शिक्षकाच्या प्रोत्साहनाने तेथील जाणत्या पुरुषांनी शाळेच्या भिंतीवर मधमुंगीच्या पूर्वजकथेचे चित्र रंगविले. (हे भित्तिचित्र पुढे सरकारी रंगकामातच नाहीसे झाले.) वाळूवर आणि अंगावर विधीपुरती उमटणारी चिन्हे त्यानंतर लाकडी फळ्यांवर उतरली. १९७२ मध्ये चित्रकारांच्याच मालकीची ‘पापुन्या तुला’ ही कंपनी स्थापन झाली.

खरा पेच येथूनच सुरू होतो. विधीतील चिन्ह विधीबरोबर पुसले जाते. फळीवरचे विकले जाते आणि कोणाच्याही दृष्टीस पडते. आरंभीच्या काही फळ्यांवर दीक्षित पुरुषांनीच पाहावयाच्या पवित्र वस्तू उघडपणे चितारलेल्या होत्या. वाळवंटातील अन्य समूहांनी त्याला तीव्र आक्षेप घेतला. त्यानंतर अशा आकृती मागे पडल्या आणि ठिपक्यांचे थर दाट होत गेले. ठिपक्यांचे मूळ अंगरंगाईत व भूमिचित्रांत आहे, त्यामुळे त्यांना निव्वळ पडदा मानणे उथळपणाचे ठरेल. तथापि, ज्याला समीक्षक ‘लयबद्ध पोत’ म्हणून गौरवितात, त्यात एका सामाजिक निर्बंधाचे पालनही आहे. अशा चित्राचा ‘संपूर्ण अर्थ’ उलगडल्याचा दावा करणारे लेखन, म्हणूनच, संशयास्पद मानावे लागते.

बाजाराला हा पेच जाणवला नाही. जॉनी वारंगकुला यांचे कालिपिनिपा या स्थळाच्या जलकथेवरील १९७२ चे चित्र २००० साली ४,८६,५०० ऑस्ट्रेलियन डॉलरला विकले गेले; मूळ विक्रीत चित्रकाराच्या हाती सुमारे दीडशे डॉलर आले होते. पुनर्विक्रीवर कलावंतास पाच टक्के हक्क देणारा कायदा २००९ मध्ये संमत झाला. वारंगकुला २००१ मध्येच निवर्तले होते. शिवाय हा कायदा पैशापुरता आहे. एखादी कथा कोणी रंगवावी आणि कोणी पाहावी हे ठरविणारा समाजाचा अधिकार त्याच्या कक्षेत येत नाही.

त्या अधिकाराची दखल संग्रहालयांनी उशिरा का होईना घेतली. २०१७ साली डार्विन येथील संग्रहालयाने आरंभीच्या फळ्यांचे प्रदर्शन भरविले, ते चित्रकारांच्या समाजातील ज्येष्ठांशी प्रदीर्घ विचारविनिमय करूनच. त्यांनी अयोग्य ठरविलेल्या फळ्या भिंतीवर आल्या नाहीत.